शेकायची पिशवी

मान खाली घालून गिऱ्हाइकांच्या घरच्या गोष्टी ऐकायची शिंप्याला सवयच होती. आपल्या पेशंटसाठी आयसीयूबाहेर थांबलेला तो तिथल्या बाकावरही तसाच बसला होता. शेजारी एक नणंद आणि तिची भावजय बोलत होत्या.

“दादा शुद्धीवर आलाय म्हणे, वहिनी.”

“मागच्या खेपेलाही आले होते.”

“तेव्हा तुम्ही दुखण्यावरच्या गुंगीच्या औषधाची जुनी पट्टी न काढताच नवी लावलीत. मी तुम्हाला नाही नाही ते बोलले.”

“बोललात खरं.”

“या खेपेला मी पट्टीला हातसुद्धा लावला नाही. पाठ ठणकतेय म्हणाला, म्हणून नुसती गरम पाण्याची पिशवी ठेवली. लहानपणापासून मीच शेकायचे त्याला.”

“शेकल्यावर पट्टीतलं औषध भसकन अंगात उतरतं, असं म्हणाले डॉक्टर.”

“पिशवी कुणी ठेवली, ते विचारलं असेल.”

“विचारलं. मी ठेवली, असं सांगितलं.”

“अहो, तुम्ही कशाला?”

“माझं नाव इथं आधीच खराब झालंय. त्यात तुमचं कशाला?”

शिंप्यानं मान वर केली नाही.

“वहिनी, मी उद्या आपली माझ्या घरी जाते.”

“तुम्ही राहा, ताई. पिशवी तेवढी जाऊ दे.”