झालं की टाळ्या

दवाखान्यात माझ्यापुढच्या बाकावर दोघी शेजारी बसल्या होत्या. धाकटीच्या मांडीवर तिची अडीच वर्षांची लेक झोपली होती.

“अजून डायपर लावता का हिला?”

“नाही हो, पॉटीवर बसते आता. झालं की घरातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, असं ठरवलं होतं आम्ही.”

“मग?”

“आता टाळ्यांशिवाय उठतच नाही. आणि दुसरं कोणी संडासला गेलं, की दाराशी उभी राहून टाळ्या वाजवते.”

“पाहुण्यांनासुद्धा?”

“पाहुण्यांनासुद्धा. सासऱ्यांना तर रोज. ऑपरेशन झाल्यापासून त्यांना धरून न्यावं लागतं. शरमेनं बोलायचेच बंद झाले होते.”

“चिडले असतील.”

“दोन दिवस चिडले. काल आतूनच हाक मारली, ‘झालं गं बाळा, वाजव.’”