बेचक्यातला वाटा

(कुल्लू. दवाखान्यातला बाक.)

फुलमा : कधीच नाही म्हणालात? डॉक्टरीणबाईंनी सरळ विचारलं, मुलगा चरस ओढतो का. आणि तुम्ही म्हणालात, कधीच नाही!

लोतराम : हळू बोल. दारात पोलीस आहे.

फुलमा : असू दे. आपल्या दुनीला भिंतीतून माणसं बोलताना ऐकू येतात. चार दिवस अन्नाला शिवला नाही, आईनं विष कालवलंय म्हणतो. आणि तुम्हाला पोलिसाची पडलीय!

लोतराम : तुझ्या भावाला विसरलीस? किलोभर चरस सापडला, दहा वर्षांची लागली. भांगेच्या बियांना, दोराला कुणी विचारत नाही. तीच भांग हातावर मळून काढलेला चरस सापडला की आयुष्य गेलं.

फुलमा : आणि पोराला मळायला कुणी बसवलं? अकरा वर्षांचा होता. शाळा बुडवून शेतात नेलात. कोवळ्या तळव्याला माल चांगला धरतो म्हणे!

लोतराम : सगळेच नेत होते गं. ओढायला मी नाही शिकवलं.

फुलमा : तळव्यावरचं शेतमालकाचं, बोटांच्या बेचक्यातलं मळणाऱ्याचं. पहिल्याच दिवशी म्हणालात, "घे, तुझ्या हक्काचं आहे." केवढा फुगला होता तो! महिन्याभरात ओढायला लागला, तेव्हाही गप्प बसलात. मीही गप्प बसले. मेलं माझं तोंड!

लोतराम : रीतच होती ती. मलाही माझ्या बापानं दिलं. मला कुठं काय झालं?

फुलमा : तुम्हाला नाही झालं. त्याला झालं ना!

डॉक्टर : लोतराम, आत या. बसा. हे बघा, मी पोलीस नाही. खरं कळलं तरच मला नीट उपचार करता येतील.

लोतराम : बरा होईल ना तो?

डॉक्टर : औषधानं आवाज बहुतेक कमी होतील. पण चरस कायमचा सुटायला हवा. मूळ आजार कदाचित अंगातच असेल, पण कोवळ्या वयात सुरुवात झाली, रोज ओढला, तर तो फार बळावतो. पहिल्यासारखा होईलच, असं मला सांगवत नाही. किती वर्षं ओढतोय?

लोतराम : पंधरा वर्षं झाली. अकराव्या वर्षापासून.

डॉक्टर : ठीक. कुणी दिला, ते मी विचारत नाही.

लोतराम : विचारा ना, बाई. मीच दिला.