सदतीस नंबरचा ससा आणि शाबूत कडी

समारंभाचे अध्यक्ष मिस्टर लीही, मंचावरचे आदरणीय फादर टॅन्ग्नी, आमच्या ससेशर्यत मंडळाचे पशुवैद्य डॉक्टर हेनेबरी, आज निवृत्त होणाऱ्या सरकारी निरीक्षक नोरीन क्विलिगन, आणि हीटरजवळच्या खुर्च्या वेळेआधी पटकावलेले रथनगोराचे सुज्ञ ग्रामस्थहो,

आधी एक तक्रार. हा मंच इतका अरुंद आहे की माइकपर्यंत यायला मला अध्यक्ष, फादर आणि डॉक्टर, या तिन्ही थोरांना उठवावं लागलं. परतताना पुन्हा उठवावं लागेल. शर्यतीच्या परवान्यात सव्वीस अटी आहेत; सशाला मैदानातून निसटायला फट हवी, ही त्यातलीच. माझ्यासारख्या सेक्रेटरीसाठी अशी अट कुणाला सुचली नाही.

बावीस वर्षं नोरीनने आमच्यावर नजर ठेवली. मुसकी बांधलेले दोन कुत्रे सशामागे सुटले की लोक कुत्र्यांकडे बघतात. ही बाई वही उघडून सशाकडे बघायची. आमचा चहासुद्धा तिने कधी घेतला नाही. थर्मास घरून आणायची.

गेल्या नोव्हेंबरात आम्ही साठ ससे धरले होते. आमचा रखवालदार डिन्नी, तो बघा, दाराशी टोपी चुरगाळत उभा आहे, सहा आठवडे त्यांना रोज मैदानातून पळवून त्या फटीची वाट शिकवत होता. सदतीस नंबर काही शिकेना. मधोमध यायचा आणि बसून राहायचा. शर्यतीत असा बसलेला ससा, मुसकी असली तरी, कुत्र्यांखाली चिरडतो. डॉक्टरांनी त्याला तंदुरुस्त ठरवलं. बरोबरच आहे, तंदुरुस्तीत अक्कल मोजत नाहीत.

शर्यतीच्या सकाळी मोजणीत एकोणसाठच भरले; सदतीस नंबर गायब. कुंपणाच्या दाराची कडी काढलेली. परवाना जाऊ नये म्हणून मंडळाने डिन्नीवर ठपका ठेवला, तीस वर्षं त्याच्या कमरेला असलेली किल्ली काढून माझ्याकडे दिली. ठराव मी लिहिला. भाषेची फार वाखाणणी झाली.

शर्यतीच्या त्याच सकाळी नोरीनने मला कुंपणाशी गाठलं. "एमन, काल वारा होता का रे?"

"होता थोडा."

तिने लिहिलं: कडी शाबूत, वारा नव्हता. मग वही मिटून म्हणाली, "नाव मी लिहीत नाही. ते तुझं काम."

मंडळ वडिलांनी काढलेलं, मैदान आमच्या गोठ्यामागे, आणि समोर बसलेलं निम्मं गाव म्हणजे माझे चुलतभाऊ. मला सांगा, खरं बोलून निसटायला माझ्यासाठी फट कुठे होती? आणि सोमवारी नवा निरीक्षक येतोय. त्याला काहीच माहीत नसेल.

तर मंडळी, कडी मी काढली. डिन्नीने नाही.

अध्यक्षसाहेब, बसा, उठू नका.

नोरीन, तुझे मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सर्वांनी पोटात घालावं. त्या ठरावात जे लिहिलं ते मात्र घालू नये. मंचावरच्यांना पुन्हा त्रास देत नाही, पुढूनच उतरतो.

डिन्नी, हात पुढे कर. ही घे तुझी किल्ली.