सात नंबरचं खरं नाव

क्रमाने सांगते, मला क्रम लागतो, मध्ये कोणी तोडलं की माझी यादी बिघडते. नाव सुलभा. माहेर डिचोलीतलं नार्वे, नदीला लागून आमचं शेत, देवळातली घंटा शेतात ऐकू यायची. आम्ही तिघी बहिणी आणि एक भाऊ, भाऊ गोलकीपर. भात कापून झालं की त्याच शेतात फुटबॉलचं मैदान व्हायचं, पायाला खुंटं टोचायची, तरी पोरं अनवाणी धावायची, आणि बाबा मेरेवर, म्हणजे बांधावर उभे राहून मला म्हणायचे, गो सुलभा, तू लिही, कोणी किती गोल घातले ते लिहून ठेव, हे उद्या भांडणार. मी शाळेच्या वहीच्या मागच्या पानावर लिहायचे. दुसऱ्या दिवशी खरंच भांडायचे आणि वही बघायला आमच्याकडे यायचे. तेव्हापासून लिहितेच आहे.

शिकले, खाणीवर वजनकाट्याला कारकून म्हणून लागले. काय सांगू तुम्हाला, दिवसभर लाल धूळ, चहाच्या कपातसुद्धा धूळ. ट्रकचा नंबर, आला कधी, गेला कधी, वजन किती. त्यात माझा आपला एक नियम होता, गाडी कोणाच्या नावावर हा एक रकाना, आणि आज चालवतो कोण हा दुसरा. कारण मालक एक आणि चालवणारा भलताच, कोणी सावंतवाडीचा, कोणी दोडामार्गचा, कोणाचा मेव्हणा. सुपरवायझर हसायचा, म्हणायचा, बाय, वजन दगडाचं करायचं असतं, ड्रायव्हरचं नाही. मी म्हटलं, गाडी उलटली तर निरोप कोणाच्या घरी धाडणार, मालकाच्या? आणि एकदा उलटलीच. माझ्या दुसऱ्या रकान्यात त्या माणसाचं नाव होतं, गाव होतं, म्हणून त्याची बायको वेळेत इस्पितळात पोचली. हा दुसरा रकाना लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याच्यावर येणार आहे.

मग खाणी बंद पडल्या. लग्न होऊन मी तोवर कोरगावात आले होते, नवऱ्याचा ट्रक अंगणात उभा राहिला तो राहिलाच, त्यावर आता काजूच्या दिवसांत आम्ही बिया वाळत घालतो. मी काम शोधत होते आणि एका फुटबॉल क्लबला, नाव नका लिहू, लिहायला माणूस हवा होता. मोठा क्लब, पगारी खेळाडू, गावोगाव फिरून नवे खेळाडू हेरायचे त्यांचं वेगळं खातं. त्या खात्याचे तेव्हाचे मुख्य म्हणजे सर, सगळे त्यांना नुसतं सरच म्हणायचे. माझ्या खाणीच्या वह्या मी दाखवायला नेल्या होत्या. सरांनी दोन पानं चाळली आणि म्हणाले, उद्यापासून ये, फुटबॉल मी शिकवतो, हे दोन रकाने मला कोणाला शिकवता येणार नाहीत.

मग मी आणि सर, माझ्या स्कूटरवर, खोटं नाही सांगत, सर मागे बसायचे. पेडण्यातलं, डिचोलीतलं एक मैदान सोडलं नाही. बॉल हरवल्यावर कोण मागे धावतो, चूक झाली की कोण दुसऱ्यावर ओरडतो, जोडा स्वतःचा की मागून आणलेला, आणि घरी कोणाला विचारायचं, बापाला की आईला की मामाला. हा शेवटचा रकाना माझा. सर म्हणायचे, सुलभा, यानेच अर्धी कामं होतात. सर गेले. म्हणजे वारले नाहीत, काढले. मालकांनी नवा माणूस आणला.

आणि तिथून जे सुरू झालं बाबा. नवा आला, त्याने माझे सगळे कागद नव्या नमुन्यात मागितले, मी दिले, तोवर तो गेला. दुसरा आला, तो केरळकडचा, भला माणूस, त्याला नमुना पुन्हा वेगळा हवा, तो शिकला शिकला तेवढ्यात गेला. मग एक गोरा आला, त्याला आमचा पावसाळा सोसला नाही. कदेल तेच, म्हणजे खुर्ची हो, आम्ही कदेल म्हणतो, कदेल तेच आणि माणूस दुसरा. आमचा शिपाई पांडू दारावरची नावाची पट्टी बसवतो. पहिल्यांदा चार स्क्रू मारायचा. मग दोन. परवा बघते तर चिकटपट्टी. मी म्हटलं, पांडू, साहेब बघतील. तो म्हणाला, बाय, साहेबांनी बघायला आधी टिकायला हवं ना.

साहेबांच्या या येण्याजाण्यातच मग कॉम्प्युटरवाले आले. मी त्याच्या विरुद्ध नाही हां, हे नीट लिहा. मैदानाच्या कडेला खांबावर कॅमेरा लावतात, आणि कोण किती धावला, किती जणांना चकवलं, सगळं आपोआप मोजलं जातं. मला आवडलं ते. माझ्या दोन डोळ्यांना बावीस माणसं कुठे पुरणार. त्यांच्यातला मुख्य नितीन, पुण्याचा, हुशार पोरगा, मला मॅडम म्हणायचा. फक्त कॅमेऱ्याला जर्सीचा नंबर दिसतो, माणूस कोण ते कळत नाही. ते सांगायचं काम माझं. सात नंबर म्हणजे अमका, नऊ नंबर म्हणजे तमका, एका नंबराला एक नाव. एकच रकाना.

आता आमच्याकडची रीत सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. गावच्या स्पर्धेत गावचेच खेळाडू हवेत असा नियम. आणि जिंकायचं तर सगळ्यांनाच असतं. मग बाहेरचा एखादा चांगला आणतात आणि गावातल्या कोणाच्या तरी कार्डावर उतरवतात. सगळ्यांना ठाऊक असतं. रेफरीला ठाऊक, लाउडस्पीकरवाल्याला ठाऊक, तो नाव एक घेतो आणि टाळ्या दुसऱ्याला पडतात. समोरच्या गावाचे दोघे तसेच असतात, म्हणून तक्रार कोणी करत नाही.

आमच्या कोरगावच्या संघात सात नंबरला सर्वेश होता. कागदावर. सर्वेश म्हणजे आमच्या वाड्यावरच्या दुकानदाराचा मुलगा, गोड पोरगा, धावायला लागला की आधी पोट पोचतं. खेळत होता तो केरीचा दत्ता. बाप नाही, सकाळी होडीवर, दुपारी किनाऱ्यावरच्या हॉटेलात ताटं उचलतो, आणि संध्याकाळी मैदानात उतरला की, कसं सांगू, माझी पेन्सिल थांबायची. इतकी वर्षं लिहिते आहे, कधी थांबली नव्हती. माझ्या वहीत त्याच्यापुढे मी लिहिलं, आईला विचारायचं. आणि विचारून आलेसुद्धा. त्याची आई रुक्मिणी बांगडे सुकवत होती, हात पुसत उठली, म्हणाली, बाये, यंदा वय संपता त्याचा, क्लबवाले मागीर घेयनात. खरं होतं. क्लबच्या दुसऱ्या फळीच्या संघाला वयाची अट असते, दत्ताचं ते शेवटचं वर्ष. मी म्हटलं, बोलावणं येणार, मी आहे ना. असं बोलू नये माणसाने. मी बोलले.

आता माझी चूक. पहिल्या मॅचला मी कॉम्प्युटरमध्ये सात नंबर दत्ता असं भरलं. नितीन आला, म्हणाला, मॅडम, अधिकृत यादीत दत्ता नावाचा माणूसच नाही, मशीन घेत नाही, जे छापलंय तेच भरा, मनाचं घालू नका. आणि खालच्या आवाजात म्हणाला, वर विचारणा चाललीय, वहीवाल्या बाईंची गरज किती म्हणून. घरात पगार माझा एकटीचा. मी भरलं, सर्वेश. चार मॅच, चारही वेळा सर्वेश. पण मी काही मूर्ख नाही, तेव्हाच्या साहेबांना जाऊन तोंडी सांगून ठेवलं की सात नंबर म्हणजे खरा दत्ता, केरीचा. ते हसले, म्हणाले, ठाऊक आहे हो, आमच्याकडेही असंच चालतं, बोलावताना दत्तालाच बोलावू. मी सुटले. लेखी घेतलं नाही. जन्मभर जिने लिहून घेतलं, तिने हे एक लिहून घेतलं नाही. आठवड्याभरात ते साहेब गेले, आणि माझं ते तोंडी त्यांच्या बॅगेतून गेलं.

नवे साहेब आले, त्यांनी आल्या दिवशी यादी मागितली, कॉम्प्युटरने दिली. पेडणे तालुक्यात पहिला, सर्वेश. थेट शिबिराचं पत्र. सर्वेश पत्र घेऊन माझ्या दारात, घामाने डबडबलेला, म्हणतो, मावशे, ह्यांका सांग गो, माका दुकानात बसाचा आसा. घरी बापाने पेढे वाटलेले. मी त्याला म्हटलं, दोन दिवस थांब, मी बघते. दोन दिवस मला साहेबांची वेळच मिळेना, आणि सर्वेश बापाच्या भीतीने शिबिराला गेला. अर्धा तास धावला आणि कडेला ओकला. मला वाटलं, आता तरी कळेल. तर नितीन म्हणतो, एका दिवसाचं काय घेऊन बसलात मॅडम, चार मॅचचे आकडे खोटं बोलत नाहीत, पोट बिघडलं असेल.

आकडे खोटं बोलत नव्हतेच हो. नाव बोलत होतं, आणि ते नाव माझ्या बोटांनी घातलेलं.

रात्रभर विचार केला नाही मी, मला तशी सवय नाही, कागद घेतला आणि दोन बाजू लिहिल्या. सांगितलं तर दत्ता खोट्या कार्डावर खेळला म्हणून अडकणार, कोरगाव अडकणार, माझी नोकरी जाणार. नाही सांगितलं तर दत्ताचं वय संपणार. पहिल्या बाजूला तीन ओळी, दुसऱ्या बाजूला एक. ती एक ओळ जड निघाली. साहेबांच्या दारात जाऊन उभी राहिले, वही पुढे केली, सगळं सांगितलं, म्हटलं, त्याला एकदा बोलवा, एकदा पळवून बघा, आकडे जुळले नाहीत तर मला काढा. साहेबांनी वही उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, म्हणजे आपल्या नोंदीत खोटी माहिती आहे हे तुम्हाला माहीत होतं? मी म्हटलं, होय. ते म्हणाले, मग दोघेही बाद. नितीनने माझ्यासमोर दत्ताचं नाव बाद यादीत नव्याने घातलं आणि दोन्ही नावं लाल केली. त्याचा हात जरा थांबला, मी बघितलं, पण त्याने केली. आधी साहेबांनी मला नोटीस द्यायचं ठरवलं होतं, मग कळलं की जुने कागद कुठे काय आहेत ते माझ्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही. म्हणून ठेवलंय. तूर्तास.

केरीला मी स्वतः गेले. निरोप धाडला नाही. रुक्मिणीला सांगितलं, दोष माझा, मी दुसरं नाव भरलं, आणि मग खरं बोलायला गेले तेही उलटलं. ती सुकत्या बांगड्यांवर बसणाऱ्या माशा हाकलत राहिली. शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. दत्ता होडीवरून आला, ऐकून घेतलं, आणि मला काय विचारलं ठाऊक आहे? बाये, कॉम्प्युटरान माका कितें म्हटलां? मला आधी कळेना. त्याला ऐकायचं होतं, तो किती धावला, किती जणांना चकवलं. त्याला आजवर कोणी मोजून सांगितलं नव्हतं. मी वही काढली, त्यात सगळं उतरवून ठेवलेलं होतं, चारही मॅच वाचून दाखवल्या, आणि तो वाळूत उकिडवा बसून पत्रिका ऐकावी तसा ऐकत होता. मध्येच म्हणाला, तिसऱ्या मॅचीक पाय दुखतालो, ना तर आनीक धावपाचो. मग म्हणाला, हें माका कागदार बरोवन दी. मी क्लबचा कोरा कागद घेतला, सगळं नीट उतरवलं, आणि वर दोन रकाने पाडले. कार्ड सर्वेशचं. खेळला दत्ता. खाली माझी सही केली, तारीख घातली. त्याने घडी घालून मोबाइलच्या कव्हरात सरकवला.

आता ते साहेबही गेले. सोमवारी नवे येणार, पांडूने चिकटपट्टी आणून ठेवली आहे. दत्ताचं वय पुढच्या महिन्यात संपतं. कॉम्प्युटरवर ते लाल काढायला एक बोट पुरे, पासवर्ड मला ठाऊक आहे, कोणाला कळणारही नाही. मी नाही काढणार. एकदा सांगितल्याप्रमाणे भरलं त्याचं काय झालं ते बघितलं, आता मनाप्रमाणे खोडणारही नाही. सोमवारी नऊला, पट्टी चिकटायच्या आधी, मी वही घेऊन दारात उभी असेन, आणि या वेळी जे म्हणतील ते लिहून सही घेईन. ऐकतील असं वाटत नाही. तरी जाणार. येणाऱ्याचं देव बरें करूं, त्याला त्या कदेलावर निदान महिनाभर तरी बसू दे. मला तेवढाच हवा आहे.