संपलं हे कळायला

जर्मनीत, सॅक्सनीतल्या एका गावात शनिवारी चर्चमध्ये संगीत असतं. दाराशी रांग लागली होती. बाकावर घालायची उशी काखोटीला मारून रोझविता उभी होती, आणि तिच्या पुढचे दोन म्हातारे बोलत होते.

"एगोन, ते कानातलं यंत्र लावून तुला आतलं ऐकू येतं का रे?"

"यंत्राने तुझं बोलणं कळतं, लोरेन्झ. संगीत लागलं की भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं वाटतं. म्हणून आत गेलो की काढूनच ठेवतो."

"मग येतोस कशाला?"

"शनिवार असतो ना."

"वादक मागच्या सज्जात, तुझ्या पाठीशी. टाळ्या वाजवायची इथे रीत नाही. संपलं हे तुला कळतं कसं?"

"इर्मा माझ्या गुडघ्यावर हात ठेवायची."

"आणि ती गेल्यापासून?"

"डोळे मिटून बसून राहतो. दिवे मालवणारा येऊन खांदा हलवतो."

"आज काय आहे?"

"आधी जुनं, तीनशे वर्षांपूर्वीचं. मग कुणा हयात माणसाचं नवं."

"नव्याचं बरं असतं बाबा. ते संपलं की नाही, कुणालाच कळत नाही."

"इर्माला कळायचं."

"आज मी ठेवतो हात."

"तुला तिथे झोप लागते, लोरेन्झ."

"मग घरी बस की."

"घरी खांदा हलवायलाही कुणी नाही."

दार उघडलं. रांग सरकली. एगोनने कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं.

लोरेन्झ त्याच्याशी बोलतच होता.