वरचं कोर्ट

चहा घ्या, मग सांगते रविवारी आमच्याकडे काय झालं ते. आमची सई वकील, जर्सी सिटीत राहते. जेवायला आली आणि पहिल्याच घासाला म्हणाली, "बाबा, मी मार्कसशी लग्न करतेय."

माझ्या नवऱ्यानं, विनयनं, ताट बाजूला सारलं. "जमणार नाही."

"दादानं एमिलीशी केलं तेव्हा तुम्हीच म्हणालात, ज्याचं आयुष्य त्याचा निर्णय. इंग्लंडमध्ये कोर्टानं एकदा निकाल दिला की पुढच्या तसल्याच केसमध्ये तोच पाळावा लागतो. इथे अमेरिकेतही पद्धत तीच आहे."

"तुझी केस वेगळी आहे."

"काय वेगळं आहे?"

"दादा मुलगा आहे."

"बाबा, निकालामागचं कारण पाळायचं असतं. तुमच्या कारणात मुलगा-मुलगी कुठे होतं?"

आमचे साहेब ऑफिसात सगळ्यांना समानतेचं ट्रेनिंग देतात बरं का. ते म्हणाले, "मग तो जुना निकालच चुकला. कॅन्सल."

"असा सोयीनं कॅन्सल नाही करता येत. ते काम वरच्या कोर्टाचं."

"या घरात माझ्या वर कोण आहे?"

सईनं माझ्याकडे बघितलं. मी विनयच्या ताटात पोळी वाढली आणि म्हटलं, "जुना निकाल कायम. हॉल बघायला लागा."

विनयनं विचारलं, "तू वरचं कोर्ट कधी झालीस?"

म्हटलं, "तीस वर्षं आहेच की. अपील आज पहिल्यांदा आलं."