पुलाचे बोल्ट

ओहायोतल्या आमच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बोल्ट कारखान्यातली व्हर्ना बसली होती. तेवढ्यात पुलाच्या कामावरचा इन्स्पेक्टर, तिचा दीर लॉइड आला.

"वहिनी, बसू इथे?"

"बस की. आम्हा तीनशे जणांना घरी बसवलंसच!"

"मी?"

"सरकारी पुलाला देशातलेच बोल्ट लागतात. बाहेरून आलेल्या पेट्यांवर तू देशी म्हणून सही ठोकलीस."

"वरून दबाव होता गं. काम अडलं असतं."

"आमचे बोल्ट गोदामात तयार पडले होते, लॉइड!"

"माझी नोकरी गेली असती."

"म्हणून माझी घालवलीस? पेट्यांचे फोटो चौकशीवाल्यांना दिलेत मी. तुझ्या नावासकट."

"वहिनी! आईला कळलं तर?"

"चौकशीवाल्यांचा नंबर आईंनीच शोधून दिला."